तिला हरीण कशाला दिलंस

१४ नोव्हेंबर

चिमणे,

तुझ्या आईने पाठवलेली शाल मिळाली. शालीने थंडी जाते, राग जात नाही, एवढं तिला सांग. सोबत तिने चार रुमालही घातलेत, मी रडत बसले असेन म्हणून. मी रडलेले नाही. तुझे काका गेल्यापासून एकदाही नाही. आधी माझं एक काम व्हायचंय आणि ते तुझ्याकडे आहे.

तुझ्या वनखात्याच्या लोकांनी त्या तुटक्या कानाच्या लांडगिणीच्या गळ्यात पट्टा बांधलाय. ती कुठे हिंडते, कुठे बसते, हे तू तिकडे ऑफिसात उबेला बसून बघतेस. मला एवढंच सांग, ती आत्ता कुठे आहे?

झालेलं तुला आईकडून कळलंय, माझ्या तोंडून कळलेलं नाही. गेल्या हिवाळ्याच्या अखेरीला बर्फ विरघळायला लागलं होतं. त्या अवदसेने आणि तिच्या टोळीने आपला निम्मा कळप तळ्याकडे वळवला. मेंढ्या गोठलेल्या तळ्यावर गेल्या, काका त्यांच्यामागे गेले, आणि बर्फ फुटलं. मेंढ्याही गेल्या, तेही गेले. मी काठावर पोचले तेव्हा समोरच्या काठावर ती बसली होती. पळाली नाही. मांजर चुलीपाशी बसतं तशी बसून बघत होती. डावा कान अर्धा तुटलेला. मी तिला ओळखते आणि ती मला ओळखते.

तुमचा कायदा मला पाठ आहे. लांडगा मेंढवाड्याच्या कुंपणाच्या आत आला तर गोळी घाला, कुंपणाबाहेर घातली तर तुरुंगात जा. तुरुंगाला मी भीत नाही, पण उरलेल्या मेंढ्यांना चारा कोण तुझी आई घालणार? तेव्हा ती आत आली पाहिजे. तू लांडग्यांवर एवढी जाडी पुस्तकं वाचलीस. हिवाळ्यात त्यांना खायला कधी मिळत नाही, कुंपणाच्या आत येण्याइतकी भूक कधी लागते, ते मला कळव. बंदूक साफ करून ठेवली आहे.

तुझी,
मावशी


२६ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

ती कुठे आहे ते मी सांगणार नाही. नोकरी जाईल म्हणून नाही, नोकरी तशीही फार प्रेमाची नाही. आमच्या खोलीत एकच हीटर आहे आणि तो साहेबांच्या पायाशी असतो. पण तू त्या तळ्याकाठी बंदूक घेऊन एकटी फिरलेली मला नकोय.

तू विचारलंस ते मात्र सांगते. सगळ्यांना वाटतं की बर्फ जास्त पडलं की लांडगे उपाशी मरतात. उलट असतं. बर्फ भरपूर पडलं, त्याच्यावर कडक साय धरली, की हरणांचे बारीक खूर त्यात रुततात. लांडग्याचा पंजा रुंद, तो वरून चालत जातो. शिवाय हिवाळा सरत येईपर्यंत हरणांच्या अंगावर चरबी उरलेली नसते. म्हणजे जो हिवाळा आपल्याला कडक, तो लांडग्यांना मेजवानीचा. आणि बर्फ कमी पडलं की हरणं मोकळी पळतात, लांडग्यांच्या हाती काही लागत नाही. मग ससे, उंदीर, जुनी हाडं, वाळलेलं कातडं, मिळेल ते.

यंदा बर्फ अजून नावालाच आहे. तुझी लांडगीण म्हातारी आहे, दात झिजलेत. टोळी हरणांमागे वरच्या जंगलात गेली आणि ही मागे राहिली. एकट्या म्हातारीला मोठी शिकार धरता येत नाही. मावशी, तू काही करायची गरजच नाही. तुझ्याआधी हिवाळाच तिचा हिशेब चुकता करील.

आईने खालच्या दुकानदाराला फोन केला होता. तो म्हणाला, तू कधीपासून चहासाखरेशिवाय काही नेलंच नाहीस. तू जेवतेस का? खरं सांग.

तुझी,
चिमणी


९ डिसेंबर

चिमणे,

उंटावरून शेळ्या हाकायला तुझ्याकडून शिकावं. हिवाळ्याने तिला का मारावं? हिवाळ्याचा नवरा बुडाला का? जिचा बुडाला तिने मारायची. ती कुठल्यातरी झुडपात उपाशीपोटी निजल्या निजल्या मेली, तर मी काय करायचं, तिच्या नावाने सुतक पाळायचं?

नाही. ती मला जिवंत हवी, आणि कुंपणाच्या आत हवी. तुझं पत्र वाचून मी चार दिवस विचार केला आणि मग कामाला लागले. थंडीने एक म्हातारी मेंढी मेली होती. तिचे तुकडे केले आणि कुंपणाच्या आत, फाटकापासून थोड्या अंतरावर टांगले. रोज नवा तुकडा टांगते. लोक पाहुण्यांची इतकी सरबराई करत नाहीत. खाऊ दे तिला. अंगात बळ येऊ दे. चालत माझ्यासमोर येण्याइतकं बळ तिच्या अंगात असलं पाहिजे, नाहीतर मारण्यात काय अर्थ आहे?

आणि जेवणाचं विचारलंस. आधी जेवत नव्हते, गिळवत नव्हतं. आता जेवते. परवा बंदूक खांद्याला लावली तर हात लटपटायला लागला. नेम हुकला तर सगळंच मुसळ केरात. म्हणून दोन वेळा पोटभर जेवते, दूध पिते, आणि दुकानदाराकडून पीठ, बटाटे, अंडी सगळं आणलंय. आईला सांग, तुझ्या बहिणीची भूक परत आली. कुणामुळे आली ते सांगू नकोस.

मावशी


४ जानेवारी

प्रिय मावशी,

उशीर झाला, रागावू नकोस. ऑफिसात वर्षअखेरीची कामं होती.

मेंढीचं मांस टांगणं बंद कर. एकदा एखाद्या लांडग्याला मेंढीची चव कळली की तो पुन्हा पुन्हा तिथेच येतो, आणि त्याचा त्रास शेजारच्या कळपांना होतो. हे मी खात्याची म्हणून सांगत नाही, भाची म्हणून सांगतेय.

लांडगीण जिवंत आहे. सध्या ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे. परवा तिने ससा धरला असावा, कारण ती बराच वेळ एका जागी थांबली होती. एवढ्या मोठ्या जनावराला ससा म्हणजे दाताच्या फटीतलं. पण ती तग धरून आहे. लांडगे पुष्कळ दिवस उपाशी राहू शकतात. अंगाची गुंडाळी करून, नाकावर शेपूट घेऊन पडून राहतात, म्हणजे ऊब खर्च होत नाही.

दुकानदार म्हणाला, तू आता स्वतः येऊन पिशव्या भरून नेतेस, आणि त्याच्या वजनकाट्यावर भांडतेसही. ऐकून आई हसली. ती बऱ्याच दिवसांनी हसली, मावशी. अशीच जेवत राहा.

चिमणी


१७ जानेवारी

चिमणे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एवढं चांगलं पत्र तू जन्मात लिहिलं नव्हतंस. पण त्रोटक लिहितेस. सरकारी माणसाची सवय. मला सविस्तर हवं.

ससा धरला त्याच्यानंतर काय? पुन्हा काही मिळालं का? की तशीच पडून आहे? भूक लागली की ती काय करते? बर्फ चाटते का? तिला आपली टोळी आठवत असेल का गं, भरल्या पोटाने वरच्या जंगलात फिरणारी? दात दुखत असतील तर तेही लिही. तू म्हणालीस जुनी हाडंसुद्धा खातात. झिजलेल्या दातांनी हाड कसं फोडत असेल, ते तुला पुस्तकावरून ठाऊक असेलच.

मी पत्र जेवणाच्या टेबलावर, ताटासमोर उभं करून ठेवते आणि वाचत वाचत जेवते. काका असते तर म्हणाले असते, जेवताना वाचू नये. ते नाहीत, ते तिच्यामुळे नाहीत, म्हणून मी वाचते.

मांस टांगणं बंद केलं. आता तू सांगतेस तेवढं पुरे आहे. पट्टा कधी चुकत तर नाही ना? ती जिवंतच आहे ना नक्की?

मावशी


२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पट्टा चुकत नाही. जिवंत आहे.

तू एवढं विचारलंस म्हणून लिहिते. गेला आठवडा तिला वाईट गेला. बर्फ थोडं आहे, त्याच्याखाली उंदीर फिरतात. ती कान टवकारून उभी राहते, मग दोन्ही पुढचे पाय जुळवून एकदम वर उडी मारते आणि तोंड बर्फात खुपसते. दहादा केलं तर एकदा काही मिळतं. उंदराने पोट भरत नाही, उलट उड्या मारण्यात होतं नव्हतं ते बळ जातं. एक दिवस ती जुन्या शिकारीच्या जागेवर गेली. तिथे कातड्याचा वाळका तुकडा होता, तो तिने बराच वेळ चघळला.

हे लिहिताना मला बरं वाटलं नाही. तुला वाचताना बरं वाटेल याची खात्री आहे, आणि त्याचंही मला बरं वाटत नाही. पण दुकानदार म्हणतो, तुझ्या गालांवर रंग आलाय.

चिमणी


२० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते, कारण इकडे चार दिवस नुसतं बर्फ पडतंय आणि तिकडे त्याहून जास्त आहे हे नकाशावर दिसतंय. मेंढ्या आत घेतल्यास ना?

आता लांडग्यांचे दिवस पालटले. ओढ्याच्या अंगाला गुडघाभर बर्फ साचलं, वर साय धरली. काल तुझ्या लांडगिणीला हरीण मिळालं. म्हातारं, अशक्त हरीण असणार, बर्फात पोटापर्यंत रुतलेलं. तिला फार पळावंही लागलं नाही. इतके दिवस उपाशी राहिल्यावर लांडगा एका बैठकीत एवढं खातो की त्याला नंतर हलवत नाही. ती खाल्ल्या जागेजवळच झोपली, दिवसभर झोपली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचं पोट भरलं, मावशी. मला वाटलं, हे तुला सांगावं.

चिमणी


४ मार्च

तिला हरीण कशाला दिलंस?

कुणाला विचारून दिलंस? मी इथे दोन महिने एकेक दिवस मोजून तिला उपाशी ठेवतेय आणि तू तिकडून सरळ हरीण वाढून मोकळी झालीस. तेही आयतं, बर्फात रुतलेलं. काका बर्फात बुडाले तेव्हा त्यांच्यासाठी कुणी काही आयतं आणून दिलं नाही.

पत्र वाचलं त्या दिवसापासून मी जेवलेले नाही. ते हरीण काढून घे.

मावशी


१५ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. साहेब विचारायला आले तर त्यांना सांगितलं, डोकं दुखतंय.

लांडगीण मेली आहे. डिसेंबरच्या शेवटीच मेली. पट्ट्याची खूण एका जागी थांबली म्हणून आमचा वनरक्षक गेला, तर ती तुझ्या कुंपणापासून थोड्या अंतरावर, तळ्याकडच्या झुडपात पडली होती. अंगावर गोळी नाही, जखम नाही. भुकेने मेली. त्याने पट्टा काढून घेतला आणि खात्याच्या नियमाप्रमाणे तिला तिथेच राहू दिलं. तुला सांगू नये असं मीच त्याला म्हटलं.

त्याच्या आदल्याच आठवड्यात तुझं पत्र आलं होतं, की नेम हुकू नये म्हणून तू जेवायला लागलीस. मग मी कसं सांगणार होते? ससा खोटा, उंदीर खोटे, हरीणही खोटं. म्हटलं, हिवाळा सरेपर्यंत ती जिवंत राहिली तर मावशीही राहील. पण तू तिच्या उपासाच्या गोष्टी ताटासमोर ठेवून वाचायला लागलीस, आणि मला त्या लिहवेनात. म्हणून तिला एकदा पोटभर जेवू घातलं. खोटंच तर होतं, तुझं काय जात होतं?

आता खरं सांगितलं. शिव्या घाल, पण जेव.

चिमणी


२४ मार्च

चिमणे,

ती मेली हे मला तुझ्या पहिल्या सशाच्या आधीपासून माहीत होतं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी मी मागावर गेले होते. कुंपणाबाहेर तिच्या पावलांची वाट पडली होती, पूर्ण कुंपणाला वेढा घालून. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मांसाचा वास तिला आत ओढत होता आणि ती आत येत नव्हती. का येत नव्हती ते मी तिथेच बर्फात उभी राहिले तेव्हा माझ्या नाकाला कळलं. डांबर. लांडगा डांबराच्या वासाला बुजतो म्हणून काका दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी कुंपणाचे खांब डांबराने माखायचे. यंदा ते नव्हते, म्हणून मी माखले. अगदी निगुतीने, त्यांनी नाव ठेवू नये म्हणून दोन हात दिले. एका हाताने आमंत्रण टांगलं आणि दुसऱ्या हाताने दार लावलं. इतकी वर्षं मेंढ्या राखल्या आणि हे एवढं डोक्यात आलं नाही.

मग झुडपात ती दिसली. सगळा हाडांचा सांगाडा, वर केस. गळ्याभोवती पट्ट्याचा वळ होता, पट्टा नव्हता. कोल्ह्याने येऊन बक्कल सोडलं नसणार, तेव्हा तुझ्या ऑफिसला कळलंय हे मी समजले. मी तिला लाथ मारली. एकदा नाही. मग पायच दुखायला लागला. मेलेल्याला मारून काय मिळतं? घरी आले आणि चुलीत लाकूडसुद्धा सारलं नाही. म्हटलं, झालं. आता उठायचं कशासाठी?

आणि तुझं पत्र आलं, की ती जिवंत आहे.

आधी मला तुझा राग आला. पोर मला वेडी समजते. मग पुन्हा वाचलं. तुझ्या पत्रात ती होती गं. उपाशी होती, थंडीत पडली होती, आणि अजून मेली नव्हती. इथे ती माझ्या हातून सुटली होती, तुझ्या पत्रात सापडली. मग मी तिला सोडते होय? तुला वाटत होतं तू मला फसवतेस. मला वाटत होतं, लिही बाई, अजून लिही. एका गोळीत जे भागलं नसतं ते तू दोन महिने पुरवलंस.

आणि आता तू तिला मारून टाकलंस. मला न विचारता, एका ओळीत. माझी शिकार होती ती.

माफी मागू नकोस, माफीचं मी काय करू? एक पत्र लिही. तिला जिवंत कर आणि कुंपणाच्या आत आण. डांबर खरवडून काढलंय, वास उरलेला नाही. बाकीचं मी बघते.

मावशी


२ एप्रिल

प्रिय मावशी,

हे पत्र मी पाच वेळा फाडलं. शेवटी लिहिते, कारण तुला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

बर्फ आता मऊ पडलंय. हरणं पुन्हा मोकळी झालीत आणि ते एकुलतं हरीण तिच्या पोटातून केव्हाच संपलं. ती ओढ्याच्या काठाने खाली आली. टोळी कुठे आहे हे तिला ठाऊक नाही आणि आता शोधण्याइतकी ताकदही नाही. चालताना मागचा एक पाय घसटतो. तळ्यापाशी ती थांबली, काठावर बसली नाही, थेट पुढे आली. कुंपणाला एक फेरी घातली. खांब हुंगले. वास नाही. फाटकाच्या खालून अंग चोरून आत शिरली, तेव्हा तिच्या फासळ्या फळीला घासल्या.

ती आत आहे, मावशी. समोर उभी आहे. डावा कान अर्धा तुटलेला. तुझ्याकडे बघतेय.

यापुढचं मला येत नाही.

चिमणी


९ एप्रिल

चिमणे,

पत्र फाटकाशी उभी राहून वाचलं. मग बंदूक आणली आणि तू म्हणालीस त्या जागेवर नेम धरला. हात जराही हलला नाही. गोळी झाडली. मेंढ्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या आणि बर्फात एक भोक पडलं, एवढंच.

मला वाटलं होतं, हलकं वाटेल. नाही वाटलं. राग तसाच उभा, आणि आता तो काढायला समोर कुणी नाही. मी बंदूक घेऊन तिथेच उभी राहिले, तर माझ्या तोंडातून एकदम निघालं, अहो, थांबा म्हटलं होतं ना मी तुम्हाला.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी हाक मारली होती. काठावर पोचले तेव्हा ते फार पुढे गेलेले नव्हते. मी ओरडले, मेंढ्या जाऊ द्या, परत फिरा. त्यांनी ऐकलं. वळून माझ्याकडे बघितलं, हाताने 'आलोच' अशी खूण केली आणि पुढे गेले. लांडगीण भुकेली होती, तिला दुसरं सुचणार तरी काय? यांचं पोट भरलेलं होतं. मीच वाढलं होतं सकाळी. घरात बायको आहे हे माहीत होतं, बर्फ पातळ झालंय हे माहीत होतं, आणि हा माणूस मेंढ्यांसाठी मला सोडून गेला.

वर्षभर सगळे म्हणतात, देवमाणूस होता. मीही मान डोलावत होते. मेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात, म्हणून एक शब्द बोलले नाही, सगळा राग त्या जनावराच्या नावावर टाकला. आता ते पुरे.

तुझ्या आईला सांग, रुमाल कामी आले, चारही. आणि तू काळजी करू नकोस, मी जेवतेय. खुर्ची यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर ओढून घेतलीय. सकाळपासून त्यांना बोलतेय, आणि अजून माझं संपलेलं नाही.

मावशी